एच-वन-बी, बीगल आणि सशाची शिकार: खिडकीवरच्या "नाही"वर थांबू नका

तुमची पोस्ट वाचली आणि जेवण बाजूला ठेवून लिहायला बसलो. पेनसिल्व्हेनियात एच-वन-बीवर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) आहात, घरात आठ महिन्यांचा बीगल, म्हणजे सशाचा माग काढणारा शिकारी कुत्रा, शिकारीच्या लायसन्सआधीचा हंटर एज्युकेशनचा कोर्स पास, आणि लायसन्सच्या खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं की ग्रीनकार्ड आल्यावर या, म्हणून तुम्ही पिल्लाला नुसतं पार्कात फिरवताय. माझं अगदी हेच झालं होतं, फक्त तेव्हा विचारायला कोणी नव्हतं.

मी वकील नाही. खाली लिहितोय ते स्वतः निस्तरलेलं आणि वाचलेलं आहे, तुमची केस तुमच्या वकिलाकडून नक्की करून घ्या. अंगावर नारिंगी कपडा किती, घरांपासून अंतर किती, दिवसाला ससे किती, हे सगळं कोर्समध्ये झालंय, ते परत लिहीत नाही.

मुद्दा असा आहे की दोन वेगळे प्रश्न लोक एकत्र करतात. शिकारीचं लायसन्स हा राज्याचा विषय, त्यासाठी सिटिझन असावं लागत नाही. बंदूक हा फेडरल, म्हणजे केंद्राच्या कायद्याचा विषय. तिथे नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला (एच-वन-बी, त्यांच्या जोडीदारांचा एच-फोर, विद्यार्थ्यांचा एफ-वन सगळे आले) बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला बंदी आहे, पण त्याच कायद्यात अपवाद दिलाय: अमेरिकेत कायदेशीरपणे मिळालेलं, मुदतीतलं शिकारीचं लायसन्स असेल तर ही बंदी लागू होत नाही. ते कुठल्याही राज्याचं चालतं. म्हणजे क्रम कोर्स, लायसन्स, मग बंदूक. खिडकीवरच्या लोकांनी "परदेशी माणूस, बंदूक, बंदी" एवढं अर्धवट कुठेतरी ऐकलेलं असतं आणि ते बंदुकीचा नियम लायसन्सला लावून मोकळे होतात. आणि गंमत नाही, खरंच डोकं फिरतं, कारण ज्या कागदाने ती बंदी उठते तोच कागद ते अडवून धरतात.

माझ्या वेळी लायसन्सच्या ऑफिसात मी कोर्सचं सर्टिफिकेट, पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद), इथलं ड्रायव्हिंग लायसन्स, सोशल सिक्युरिटी नंबर सगळं घेऊन गेलो होतो. पासपोर्टचा रंग बघूनच मान हलली. कुठल्या नियमाप्रमाणे नाही म्हणताय विचारलं तर "पॉलिसी आहे". लेखी द्या म्हटलं तर "लेखी देत नाही". परत गेलो तर दुसरा माणूस, त्याने पहिल्याला हाक मारून विचारलं आणि तेच उत्तर दिलं. फोन केला तर होल्डवर ठेवून कट. यात ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला, मग बर्फ आणि हरणांचा सीझन, आणि शेवटी फेब्रुवारी संपून सशाचा सीझनच बंद झाला. नंतर दुसऱ्या गावातल्या एका दुकानात तेच कागद दाखवले आणि काउंटरवर उभ्या उभ्या लायसन्स हातात मिळालं. माझा राग पैशाचा नाही, कुत्र्याच्या वयाचा आहे. सहा महिने ते वर्ष-सव्वा वर्ष या वयात बीगलचं नाक आणि डोकं जे शिकतं ते नंतर शिकवायला दुप्पट कष्ट पडतात, आणि ते वय परत येत नाही.

याच राज्यात १९०९ साली खरोखर कायदा होता, नागरिक न झालेल्या परदेशी माणसाने शिकार करायची नाही आणि शॉटगन किंवा रायफल ठेवायची नाही. पॅटसोन नावाचा इटालियन माणूस त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९१४ मध्ये हरला. आज तो नियम नाही. म्हणून तोंडी "नाही" ऐकून घरी येऊ नका, नियमाचा नंबर मागा, नाही दिला तर राज्याच्या गेम कमिशनला (शिकारीचं खातं) ईमेल करा आणि आलेलं उत्तर प्रिंट करून सोबत ठेवा. शक्य असेल तर सरळ लायसन्स विकणाऱ्या दुसऱ्या एजंटकडे जा. भांडण जिंकण्यात सीझन घालवू नका हे माझं स्पष्ट मत आहे.

लायसन्स मिळाल्यावर पुढचं सांभाळा. इथलं लायसन्स १ जुलै ते ३० जून असतं. ते संपलं आणि बंदूक घरात असली तर अपवादही संपला, मग कपाटातली बंदूकसुद्धा गुन्हा ठरू शकते. नवीन वर्षाची विक्री जूनच्या शेवटी सुरू होते, त्याच आठवड्यात घेऊन टाका. बंदुकीच्या दुकानात फॉर्म ४४७३ (खरेदीचा फेडरल फॉर्म) भरताना नॉन-इमिग्रंट व्हिसाचा प्रश्न येतो, तिथे खरं तेच लिहा, पुढे अपवादाचा प्रश्न येतो, तेव्हा लायसन्सची कॉपी आणि आय-९४ चा नंबर लागतो. आणि कृपा करून, ऑफिसातली मित्रमंडळी वीकेंडला शूटिंग रेंजवर जातात ना, लायसन्स नसताना त्यांच्यासोबत "एकदा धरून बघतो" करू नका. काही मिनिटं हातात धरणंसुद्धा बाळगणंच. त्याची शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत आहे आणि वर डिपोर्टेशन. हे मी आपल्या पोरांना इतक्यांदा सांगितलंय, तरी रेंजवरचे फोटो टाकतात.

आता पिल्लाचं. बंदूक नाही म्हणून त्याला थांबवू नका, ही माझी सगळ्यात कळकळीची विनंती. जवळचा बीगल क्लब शोधा, बऱ्याच क्लबांकडे कुंपण घातलेली मोठी जागा असते, आत ससे असतात, तिथे बंदुकीशिवाय माग काढायला शिकवता येतं. एक शांत, वयस्कर बीगल सोबत सोडा, चारपाच उतावळे नकोत, नाहीतर पिल्लू वासाच्या मागे न जाता आवाजाच्या मागे धावायला शिकतं. ससा उठला की तो आपल्या ओळखीच्या भागातच फेरा मारून परत त्याच बाजूला येतो, म्हणून कुत्रं वेगवान असून उपयोग नाही, माग न सोडणारं पाहिजे. माग तुटला की मालक धावत जाऊन हाताने दाखवतात, ते करू नका. त्याला गोल फिरून स्वतः शोधू द्या, पाच मिनिटं लागली तरी लागू द्या. सकाळी जमीन ओलसर असताना न्या, कोरड्या गार वाऱ्यात चांगलं नाकसुद्धा चाचपडतं आणि आपण उगाच पिल्लाला नावं ठेवतो.

या वयात ससे मिळाले नाहीत तर तो हरणांच्या मागे लागतो. इथे कुत्र्याला हरणामागे जाऊ देणं गुन्हा आहे, आणि शिवाय ते कुत्रं दोन टेकड्या पलीकडे जातं. म्हणून जीपीएस कॉलर पहिल्या दिवसापासून. बंदुकीआधी ती घ्या, खर्च टोचेल पण घ्या. पुढे बंदूक आली की पहिला बार पिल्लू माग काढण्यात रंगलेलं असताना, लांबून आणि दुसऱ्या कोणाकडून. कधीही त्याच्या डोक्यावर नाही. ट्वेंटी गेजची (लहान नळीची) शॉटगन, सहा नंबरचे छरे पुरतात, आणि ससा दिसला तरी मागे कुत्रं कुठे आहे ते कळल्याशिवाय ट्रिगर नाही.

हे सगळं इथल्यापुरतं. कोणी गावाकडे कुत्री घेऊन माळावर जायचा विचार करत असेल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिथे ससा मारणं गुन्हा आहे.

बाकी ससा सोलताना हातमोजे घाला, टुलारेमिया नावाचा जंतूंचा आजार सशातून माणसाला होतो, आणि मटण आतपर्यंत पूर्ण शिजवा, रस्सा कितीही चांगला झाला असला तरी आधी चाखू नका. घरी आल्यावर पिल्लाच्या कानात आणि पंजांच्या बोटांमध्ये गोचीड बघा, आणि स्वतःच्या मोज्यांवरही, पेनसिल्व्हेनियात लाइमचे (गोचिडीतून होणाऱ्या आजाराचे) पेशंट खूप आहेत. त्या खिडकीवरून नाही म्हणतील तेव्हा नक्की काय शब्द वापरले ते इथे टाका, ईमेल कसा लिहायचा ते मी सांगतो.