शाहूवाडीतला गोठा आणि जैतापूरची भट्टी

प्रश्न थोडक्यात असा: "राहायला कोल्हापुरात. मलकापूरच्या पुढं, आंबा घाटाच्या बाजूला म्हशींच्या गोठ्यासाठी दीड एकर जागा बघितली आहे. घरचे म्हणतात, घाट उतरला की जैतापूर, उद्या तिथला अणुप्रकल्प फुटला तर हिरोशिमा होईल, जागा नको. खरंच किती धोका आहे? घ्यावी का?"

मी काही अणुशास्त्रज्ञ नाही. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्र्यांत बावीस वर्षं गेली. पहिली नऊ भट्टीवर, पुढची रेडिओग्राफीत, म्हणजे कास्टिंगच्या, ओतलेल्या लोखंडी भागाच्या, पोटात पोकळी राहिली आहे का ते किरणांनी फिल्म काढून बघायचं काम. छातीवर किरण मोजणारा बॅज लावून हिंडतो, त्यामुळं नातेवाईक मला अर्धा अणुबॉम्बच समजतात. माझ्या एका मावशीनं तर वर्षभर नातू माझ्या मांडीवर दिला नव्हता.

आधी हिरोशिमा बाजूला काढू. खाणीतल्या युरेनियममध्ये कामाचं युरेनियम-२३५ असतं ०.७ टक्के. जैतापूरला ज्या प्रकारच्या अणुभट्ट्या ठरल्या आहेत त्यांच्या इंधनात ते पाच टक्क्यांपर्यंत नेतात. बॉम्बला नव्वदच्या आसपास लागतं. त्या इंधनाचा बॉम्बसारखा स्फोट होत नाही, कुणी मनावर घेतलं तरी होत नाही. इथपर्यंत सगळेच सांगतात आणि "म्हणून निर्धास्त राहा" म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही, कारण मी भट्टी बंद झाल्यावर काय होतं ते बघितलं आहे.

आमची भट्टी एक टनाची, साडेसातशे किलोवॉटची. तांब्याच्या वेटोळ्यातून वीज सोडून लोखंड वितळवायचं. ही कॉईल आतून पोकळ असते आणि तिच्यातून सतत पाणी फिरतं. आत १५०० अंशांचा रस, बाहेर पाण्यानं भरलेलं तांबं, मध्ये चार बोटांचं अस्तर. नव्या पोराला वाटतं लाईट गेली म्हणजे भट्टी बंद, बिडी ओढायला मोकळे. पण लाईट गेली की पाण्याचा पंपही बंद पडतो, आणि रस तर आहे तितकाच तापलेला. म्हणून शेडच्या वर एक टाकी असते. तिचा व्हॉल्व्ह हातानं खोलायचा, पाणी आपल्या वजनानं खाली येतं आणि कॉईल वाचते.

भारनियमनाच्या काळातली एक रात्रपाळी. लाईट गेली, जनरेटर नुसता गुरगुरला आणि गप्प झाला. मिस्त्री ओरडला, "आरं व्हॉल्व्ह खोल, व्हॉल्व्ह!" मी शिडी चढलो तर व्हॉल्व्ह गंजून बसलेला. दर महिन्याला तो फिरवून बघायचा, वहीत सही करायची असा नियम होता. सह्या सगळ्या होत्या. खाली परतीच्या पाईपला हात लावून मिस्त्री सांगत होता, कोमट आहे, चटका बसतोय, मग त्यानं सांगायचं थांबवलं कारण पाईपातून वाफच यायला लागली. रेंचला दोन फुटांचा पाईप लावून आम्ही दोघं लोंबकळलो तेव्हा तो व्हॉल्व्ह हलला. कॉईल फुटून ते पाणी रसात गेलं असतं तर हे उत्तर लिहायला मी नसतो.

अणुभट्टीचं दुखणं हेच आहे, फक्त कैकपट मोठं आणि एका बाबतीत वाईट. आमचा रस सोडून दिला तर गपगुमान थंड होतो. अणुइंधन भट्टी बंद केल्यावरही आतून उष्णता सोडत राहतं, कारण युरेनियम फुटून जी नवी द्रव्यं झालेली असतात ती आपापल्या गतीनं विरत राहतात. जैतापूरची एक भट्टी १६५० मेगावॉट विजेची, म्हणजे उष्णता धरली तर साडेचार हजारांच्या आसपास. बंद केल्या क्षणी त्यातली सहा-सात टक्के उरते, जवळपास ३०० मेगावॉट. एका दिवसानंतर अर्धा टक्का. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतं. पण आमच्या भट्टीसारख्या तीस भट्ट्या पूर्ण जोरात चालवल्या तर जेवढी होईल तेवढी ती उष्णता, आणि तिला बटण नाही.

फुकुशिमात ११ मार्च २०११ ला भूकंप झाल्या झाल्या चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या. ते काम चोख झालं. बाहेरची वीज गेली, डिझेल जनरेटर सुरू झाले, तेही झालं. मग त्सुनामी आली आणि तळघरात, खालच्या मजल्यांवर असलेले जनरेटर आणि विजेची पॅनेलं बुडाली. हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही, कारण आपण २०१९ चा महापूर बघितला आहे. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ च्या वर. सगळीकडं पाणीच पाणी आणि शहरात नळाला थेंब नाही, कारण उपसा केंद्रंच पाण्यात. ज्या अपार्टमेंटांचे जनरेटर तळमजल्यावर होते ती पहिल्याच दिवशी अंधारात गेली. फुकुशिमात तेच झालं. पाणी आटलं, इंधनावरचं झिर्कोनियमचं आवरण वाफेशी भिडून हायड्रोजन तयार झाला आणि तो पेटला. टीव्हीवर दिसलेला स्फोट तो. छप्पर हायड्रोजननं उडवलं होतं, अणूनं नाही. तिथून उत्तरेला ओनागावाचं केंद्र भूकंपाच्या केंद्राला जास्त जवळ होतं, पण ते बांधतानाच १४ मीटरच्या आसपास उंचीवर बांधलेलं. ते वाचलं, आणि गावातले लोक आसऱ्याला तिथंच जाऊन राहिले.

आपल्याकडंही हा प्रसंग येऊन गेला आहे. ३१ मार्च १९९३, उत्तर प्रदेशातलं नरोरा. टर्बाइनचं पातं तुटलं, आग लागली, केबली जळाल्या, केंद्राची सगळी वीज गेली. नियंत्रण कक्षात धूर. भट्टी बंद झाली होती, पण ती पुन्हा डोकं वर काढू नये म्हणून कर्मचारी टॉर्च घेऊन अंधारात वर चढले आणि बोरॉनचं द्रावण हातानं सोडलं. आग विझवायचे जे डिझेल पंप होते त्यांचं पाणी देऊन भट्टी थंड ठेवली. किरणोत्सर्ग बाहेर गेला नाही. ती माणसं चढली तेव्हा तो व्हॉल्व्ह फिरला, हे वाचताना मला दर वेळी आमची शिडी आठवते.

तेव्हा जैतापूरबद्दल "फुटेल का" हा प्रश्न चुकीचा आहे. वीज गेली, डिझेल गेलं, तर किती तास, आणि त्या तासांत पाणी कुठून, हे विचारायचं. कागदावर उत्तरं बरी आहेत. प्रकल्पाची जागा, म्हणजे माडबनचं पठार, समुद्रापासून वीसेक मीटरहून उंच आहे. या भट्टीत सुरक्षेचे चार स्वतंत्र संच, काँक्रीटचं दुहेरी कवच आणि इंधन वितळलंच तर ते पसरून थंड व्हावं म्हणून खाली खास जागा आहे. कोयनेचं काय, असं कुणीतरी विचारणारच. ११ डिसेंबर १९६७ चा धक्का आपल्याकडची म्हातारी माणसं अजून सांगतात. भूकंप धरूनच बांधकाम करतात. मला भूकंपापेक्षा त्या वहीतल्या सह्यांची जास्त भीती वाटते.

बाकी खर्च आणि उशीर हा त्या भट्टीचा खरा बदलौकिक आहे. फिनलंडमध्ये याच प्रकारच्या भट्टीचं २००५ ला काम सुरू झालं आणि नियमित वीज २०२३ ला. आपल्याकडं २०१० मध्ये करार झाला, २०११ मध्ये आंदोलनात गोळीबार होऊन एक माणूस गेला, आणि माडबनला अजून एकही भट्टी उभी नाही. शेजारच्या साखरी नाट्याच्या मच्छीमारांचा मुद्दा तर किरणांचा नाहीच. जेवढी उष्णता तयार होते तिच्यातली एक तृतीयांशच्या वर काही वीज होते, बाकी सगळी कोमट पाण्यातून समुद्रात जाते. आपल्या दारात सोडली असती तर आपणही रस्त्यावर आलो असतो.

आता तुमचा गोठा. मलकापूर ते जैतापूर सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटर. आपत्कालीन नियोजनाचा पट्टा १६ किलोमीटरचा असतो, म्हणजे तुम्ही त्याच्या बऱ्याच बाहेर. पण अंतर मोजून मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. मोठी गळती झालीच तर किती लांब यापेक्षा पाऊस कुठं पडला याला महत्त्व असतं. चेर्नोबिलहून दोन हजार किलोमीटरांपेक्षा लांब, वेल्सच्या डोंगरात तेव्हा पाऊस पडला आणि तिथल्या मेंढ्यांवरची शेवटची बंधनं २०१२ साली उठली. पावसाळ्यात आपल्याकडं वारा समुद्रावरून घाटाकडं येतो आणि आंबा-गगनबावडा पट्ट्यात पाऊस कसा कोसळतो ते तुम्ही बघितलंच असेल.

तशा वेळी तुमच्या बाबतीत पहिली गोष्ट असेल दूध. किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडतं, जनावर ते चरतं, दुधात उतरतं आणि लहान पोरांच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत जाऊन साठतं. चेर्नोबिलनंतर पोरांना जो थायरॉइडचा कर्करोग झाला त्याचं मोठं कारण हे दूध. वाईट याचं वाटतं की ते टाळता येण्यासारखं होतं. या आयोडीनचा जोर दर आठ दिवसांनी निम्मा होतो, तीन महिन्यांत ते जवळपास संपतं. जनावरं गोठ्यात बांधून झाकलेली जुनी वैरण घालायची, ओला चारा बंद करायचा, काढलेलं दूध पोरांना न देता पावडर करून ठेवायचं. सीझियम या दुसऱ्या किरणोत्सारी द्रव्याचं मात्र असं नाही, ते तीस वर्षांनी निम्मं होतं, वेल्सच्या मेंढ्यांना तेच नडलं.

पण हे सगळं वेळेत कुणी सांगितलं तर. चेर्नोबिल फुटलं २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे. शेजारचं प्रिप्यत गाव दुसऱ्या दिवशी दुपारी हलवलं. जगाला कळलं २८ तारखेला, तेही स्वीडनमधल्या एका अणुकेंद्रात कामगाराच्या बुटांनी अलार्म वाजवला म्हणून.

आमच्याकडचा एक किस्सा सांगतो. रेडिओग्राफीचा सोर्स म्हणजे किरण सोडणारा इरिडियमचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा. काम झालं की तो केबलनं परत कॅमेऱ्यात, म्हणजे किरण अडवणाऱ्या जाड पेटीत, ओढायचा. आला की नाही ते डोळ्याला दिसत नाही, मीटर सांगतं. एका रात्री तो नळीत अडकला. आम्ही लांबवर दोरी बांधली, लोक मागं घेतले, तीन तासांनी रीतसर तो परत आत घेतला. आमचे बॅज तपासले, सगळं मर्यादेत. पण पाळीवरच्या लोकांना काय सांगायचं, तर वरून आदेश आला, "मशीन बिघडलंय म्हणा." सकाळी चहाच्या गाड्यावर बातमी पोचली होती: फौंड्रीत काल अणुबॉम्ब फुटता फुटता राहिला. दोन मोल्डर त्या दिवसापासून कामाला आले नाहीत. रात्रीच खरं सांगितलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.

अणुऊर्जेच्या सरकारी कारभाराला ही खोड जुनी आहे. आपल्या दक्षिणेला दोनशे किलोमीटरवर कैगा आहे. २२० मेगावॉटच्या चार भट्ट्या, त्यातली पहिली २०१८ च्या अखेरीपर्यंत सलग ९६२ दिवस चालली, तेव्हाचा जागतिक विक्रम. त्याच कैग्यात २००९ मध्ये कुणीतरी पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये भट्टीतलं जड पाणी, म्हणजे किरणोत्सारी ट्रिटियम असलेलं, मिसळलं आणि कर्मचाऱ्यांच्या लघवीच्या तपासणीत ते सापडलं. विक्रम आणि कूलर, दोन्ही एकाच ठिकाणचं. देखरेख करणारं नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झालं, आणि ते पुरेसं स्वतंत्र नाही असं २०१२ मध्ये सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगनंच अहवालात लिहिलं.

तर जागा घ्यावी का? मी घेतली असती. फक्त गोठ्याशेजारी वैरणीला छपराची पक्की शेड बांधा आणि दोन-तीन महिने पुरेल एवढं पिंजर-कडबा आत ठेवा. त्या भागातल्या पावसात ती तशीही लागणारच आहे. आणि घरच्यांना सांगा की जैतापूरच्या आधी सातबारा बघा, जागा वनखात्याच्या हद्दीला कुठं लागते ते मोजून घ्या, आणि शेजारच्या शेतकऱ्याला विचारा की गवे रात्री कुठल्या बाजूनं उतरतात.