बारीक आहात, तरी कंबर मोजा

नुसत्या वजनावर विसंबू नका. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) होता अगदी सारखा, 22.3, अंगातली चरबी मात्र याज्ञिकांची 21.2 टक्के, युडकिनांची 9.1! आपली, भारतीयांची, चरबी पोटात लपते.

शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून टेप लावा. पुरुषांची 90, बायकांची 80 सेंटिमीटरवर गेली की मधुमेहाची तपासणी कराच. नुसती उपाशीपोटी साखर पुरत नाही, ती बरेचदा नॉर्मलच येते. 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी मोजा. 140 ते 199 म्हणजे मधुमेहाची पूर्वपायरी.

उपास मात्र नको, स्नायू झिजतात आणि साखर मुरायला तेच लागतात. आठवड्यातून दोनदा वजनं उचला. तर्री-पोह्यांत चणे वाढवा, पोहे निम्मे. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला, नागपूरच्या मे महिन्यात घरातल्या घरात.