दोन क्रेडिट कार्डं थकली आहेत, शिवाय पुण्यातल्या भावाच्या कर्जाला जामीन आहे. अमेरिकेत डिफेन्स कंत्राटदाराकडे नोकरी लागतेय, सिक्युरिटी क्लिअरन्स (गोपनीय माहिती हाताळायची सरकारी परवानगी) मिळेल का?

नुसत्या रकमेवरून कोणी नाकारत नाही. अमुक डॉलरच्या वर कर्ज गेलं की बाद, असा आकडा नियमात कुठेच नाही. २०१७ पासून लागू असलेल्या 'गाइडलाइन एफ'मध्ये, म्हणजे क्लिअरन्सच्या आर्थिक निकषात, बघतात ते असं: पैसे का थकले, कारण तुमच्या हाताबाहेरचं होतं का, आणि थकल्यावर तुम्ही काय केलंत. नोकरी गेली, आजारपण आलं, घटस्फोट झाला, हे समजून घेतात. पण त्यानंतर वसुलीवाल्यांचे फोनच उचलले नसतील तर त्या कारणाचा उपयोग संपला.

कार्डांपेक्षा मला जामीनकीची जास्त काळजी वाटते. "पुण्यातलं इथे कोण बघतंय, लिहूच नकोस" हा सल्ला आपल्या मंडळींत बिनदिक्कत दिला जातो आणि त्यावर माझी जुनी भांडणं आहेत. क्लिअरन्ससाठी भरायच्या एसएफ-८६ फॉर्मच्या २६व्या भागात स्पष्ट लिहिलंय की सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून असलेली देणीही धरायची. आत्ता १२० दिवसांहून जास्त थकलेलं आणि गेल्या ७ वर्षांत कधी तितकं थकलेलं, दोन्ही. परदेशातल्या कर्जाला सूट नाही. एक्स्पीरियनच्या (अमेरिकेतल्या क्रेडिट ब्युरोच्या) रिपोर्टात पुण्याचं कर्ज दिसणार नाही, कबूल. पण थकलेलं कर्ज गाइडलाइन एफमध्ये येतं, मुद्दाम लपवलेलं गाइडलाइन ईमध्ये, म्हणजे वैयक्तिक वर्तनाच्या निकषात, आणि ते निस्तरणं कितीतरी अवघड. वर खोट्या निवेदनाला फेडरल कायद्यात ५ वर्षांपर्यंत कैद आहे. फॉर्म आधीच भरून झाला असेल तर इन्व्हेस्टिगेटरने विचारायच्या आत स्वतःहून दुरुस्ती सांगा; पुरावा पुढे टाकल्यावर दिलेल्या कबुलीला फारशी किंमत नसते.

भावाकडून आजच तीन कागद मागवा: जामीनपत्राची प्रत, कर्जखात्याचा उतारा, आणि हप्ते बांधून घेतले असतील तर बँकेचं तसं पत्र. मराठीत असतील तर इंग्रजी भाषांतर जोडा. त्याचे हप्ते तुम्ही भरत असाल तर परदेशी नागरिकाला आर्थिक मदत करता का, या प्रश्नालाही 'हो' लिहावं लागेल.

कार्डांचं म्हणाल तर सगळं फेडूनच अर्ज करायला हवा असं नाही. झेपेल असा हप्ता लेखी ठरवा आणि सलग काही महिने भरल्याच्या पावत्या ठेवा. आरोपपत्र, म्हणजे क्लिअरन्स का नाकारायचा याची कारणं देणारं 'स्टेटमेंट ऑफ रीझन्स', हातात पडल्यावर सुरू केलेल्या फेडीला कमी वजन मिळतं. कर्ज मुदतबाह्य होण्याची वाट बघणं म्हणजे प्रामाणिक प्रयत्न, असं तिथे कोणी मानत नाही. सेटलमेंट केलंत आणि ६०० डॉलर किंवा जास्त माफ झाले तर १०९९-सी हा कर्जमाफीचा टॅक्स फॉर्म येतो. ती रक्कम सहसा उत्पन्नात धरली जाते (देणी मालमत्तेपेक्षा जास्त असतील तर ९८२ फॉर्म बघा). ती टॅक्स रिटर्नमध्ये दाखवायची राहिली की एक भानगड मिटवताना दुसरी उभी, आणि टॅक्सची भानगड कार्डापेक्षा वाईट. त्यावरून आठवलं: एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्याचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी अमेरिकेत करपात्र आहे, आणि परदेशी खात्यांची बेरीज वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो. आपल्यातले निम्मे लोक इथेच अडकतात, असं माझं मत.

आरोपपत्र आलंच तर उत्तराला २० दिवस असतात. प्रत्येक आरोपापुढे मान्य की अमान्य ते शपथेवर लिहायचं, सुनावणी हवी असेल तर त्याच उत्तरात मागायची. त्या टप्प्यावर वकील गाठा, माझ्या उत्तरावर विसंबू नका. आणि हे कंत्राटदारांच्या कर्मचाऱ्यांपुरतं आहे. लष्करात किंवा थेट सरकारी नोकरीत अपिलाची पद्धत वेगळी असू शकते.