ली मिलर : काळी रेघ, मेट्रोनोम आणि हिटलरचा टब

प्रश्न : केट विन्स्लेटचा 'ली' हा चित्रपट पाहिला. त्यात युद्धाचाच भाग जास्त. युद्धाचे फोटो काढण्याआधी मॉडेल म्हणून ली मिलर खरंच मोठी होती का?

उत्तर : होती, पण थोडाच काळ. मार्च १९२७च्या 'व्होग' या फॅशन मासिकाच्या मुखपृष्ठावर ती झळकली, तीही जॉर्ज लपाप यांनी रंगवलेल्या चित्रातून. पुढच्याच वर्षी फोटोग्राफर एडवर्ड स्टायकेन यांनी काढलेला तिचा फोटो, तिला न विचारता, कोटेक्सच्या सॅनिटरी पॅडच्या जाहिरातीत छापला गेला. त्या काळात हे म्हणजे गहजबच. १९२९ साली ती पॅरिसला कलावंत-फोटोग्राफर मॅन रे यांच्याकडे गेली ती मात्र फोटो काढायला शिकायला.

प्रश्न : मॅन रे यांच्या फोटोंत चेहऱ्याभोवती काळी रेघ दिसते. घरच्या डार्करूममध्ये मी पेपरवर तसं करून पाहिलं, तर रेघ पांढरी आली आणि प्रिंट मळकट. काय चुकलं?

उत्तर : पेपरवर केलंत, हेच चुकलं. ही रेघ आणणारं तंत्र, म्हणजे सोलरायझेशन, निगेटिव्हवर करायचं. अर्धवट डेव्हलप झालेल्या निगेटिव्हवर क्षणभर पांढरा उजेड पडला की आधी कमी प्रकाश मिळालेले भाग काळवंडू लागतात. दाट भागांत फारशी भर पडत नाही. दोन्हींच्या सीमेवर डेव्हलप होताना सुटणारं ब्रोमाइड साचून तिथली क्रिया रोखून धरतं. तेवढी रेघ पारदर्शक राहते, म्हणून प्रिंटवर काळी उमटते.

मूळ निगेटिव्हला हात लावू नका. तिच्यावरून ऑर्थो शीट फिल्मवर (लाल उजेड न टिपणाऱ्या सुट्या फिल्मवर) पॉझिटिव्ह करा आणि त्यावरून कॉन्टॅक्टने, म्हणजे फिल्मला फिल्म चिकटवून ठेवून, दुसरी निगेटिव्ह. प्रयोग या दुसरीवर. ऑर्थो फिल्म लाल दिव्यात चालते, त्यामुळे काय घडतंय ते डोळ्यांना दिसतं. डेव्हलपर पातळ करून २० अंशांवर ठेवा. एरवी तीन मिनिटं लागत असतील, तर साधारण सव्वा मिनिटाने ट्रे हलवणं थांबवा. दहा सेकंद थांबून द्रावण स्थिर होऊ द्या, नाहीतर लाटांच्या रेषा फिल्मवर उतरतात. मग चार फुटांवरून १५ वॉटचा बल्ब एक सेकंद लावा. ही फक्त सुरुवात. आधी फिल्मच्या चाचणी-पट्टीवर अर्धा, एक, दोन, चार सेकंद असं तपासून घ्या. त्यानंतर ट्रेला अजिबात धक्का नको : हलवला की साचलेलं ब्रोमाइड पसरतं आणि रेघ जाते. सगळंच काळं झालं तर उजेड जास्त झाला. काहीच घडलं नाही तर उजेड कमी पडला किंवा उशिरा दिला. अशी निगेटिव्ह कमी काँट्रास्टची होते, म्हणून प्रिंट चार नंबरच्या, म्हणजे जास्त काँट्रास्टच्या, पेपरवर काढा.

लीच्या सांगण्यानुसार डार्करूममध्ये पायावरून काहीतरी सरकलं म्हणून तिने दिवा लावला, आणि डेव्हलप होत असलेल्या निगेटिव्हवर उजेड पडला. त्या फोटोंची पार्श्वभूमी काळी होती. म्हणजे निगेटिव्हचा तो भाग जवळजवळ कोराच, उजेड टिपायला अगदी तयार. हा परिणाम फ्रेंच संशोधक साबातिए यांनी १८६०च्या दशकातच नोंदवला होता. ली आणि मॅन रे यांनी त्याला शैली केलं. श्रेय एकट्या मॅन रे यांना देण्याची जुनी खोड मात्र सोडायला हवी.

प्रश्न : मॅन रे यांच्या एका कलाकृतीत मेट्रोनोमच्या (लंबकाने ताल देणाऱ्या यंत्राच्या) लंबकावर डोळा आहे. तो तिचाच का?

उत्तर : पहिल्या, १९२३च्या रूपात नव्हता. १९३२मध्ये ती सोडून गेल्यावर मॅन रे यांनी लंबकावर तिच्या डोळ्याचा फोटो लावला. सोबत सूचना : सहन होईल तोवर चालू ठेवा, मग हातोडीच्या एकाच घावात फोडा. १९५७मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात विद्यार्थ्यांनी ती वस्तू खरंच नष्ट केली. मॅन रे यांनी ती नव्याने घडवली आणि नाव ठेवलं 'अविनाशी वस्तू'.

प्रश्न : हिटलरच्या टबात बसलेल्या लीचा फोटो खरा की मांडलेला?

उत्तर : जागा खरी, मांडणी मुद्दाम केलेली. ३० एप्रिल १९४५, म्युनिकमधला हिटलरचा फ्लॅट. टबाच्या कडेला हिटलरची तसबीर टेकवलेली, पायपुसण्यावर डाखाऊच्या छळछावणीतला चिखल लागलेले तिचे बूट. फोटो काढला तिचा सहकारी डेव्हिड शर्मन याने. तो स्वतः ज्यू. मग त्याच टबात त्याचा फोटो तिने काढला. २०२४च्या 'सिव्हिल वॉर' या चित्रपटातल्या फोटोग्राफर नायिकेचं नाव ली आहे, आणि संवादात ली मिलरचा उल्लेखही येतो.