पाट्याचा दात वेल्डच्या कडेलाच का मोडतो?

प्रश्न : माझ्याकडे बॅकहो लोडर आहे. शेततळ्याच्या कामात कठीण मुरूम लागला की बकेट नुसती वरून खरवडते, म्हणून गावातील वेल्डिंगच्या दुकानात ट्रकचे जुने पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) एकावर एक जोडून एकदाती रिपर, म्हणजे बकेटच्या जागी बसणारा जमीन फोडणारा दात, करून घेतला. वेल्डिंग झाल्यावर कारागिराने पाणी मारून तो थंड केला. दुसऱ्याच दिवशी दात वेल्डच्या कडेला मोडला. मोडलेली जागा दाणेदार चमकते. वेल्डिंग कच्चे राहिले का?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : आपल्या वर्णनावरून वेल्ड शाबूत राहिला आणि त्याच्या शेजारचा पाटा मोडला असे दिसते, त्यामुळे दोष कारागिराच्या हातापेक्षा धातूच्या निवडीचा आणि पाण्याचा आहे. पाट्याच्या पोलादात कार्बनचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. असे पोलाद वेल्डिंगच्या उष्णतेने लाल होऊन झपाट्याने निवले की वेल्डलगतची पट्टी काचेसारखी कडक आणि ठिसूळ होते, आणि पाणी मारल्याने नेमके तेच घडले. दाणेदार चमक ही ठिसूळ मोडीची खूण आहे. चिवट पोलाद तुटण्यापूर्वी ओढले जाते आणि त्याची तुटलेली जागा मळकट, तंतुमय दिसते. पाटा गाडीखाली कितीही मजबूत ठरला, तरी वेल्डिंगसाठी तो वाईटच.

नव्याने करताना रिपरच्या दांड्यासाठी आयएस २०६२ या भारतीय मानकातील ई ३५० दर्जाच्या पोलादाची ४० मिमी जाडीची अखंड प्लेट गॅसने कापून घ्यावी, आणि टोकाला पिनवर बसणारा बदलता दात व तो ज्यावर बसतो तो ओतीव अडॅप्टर बाजारातून आणावा. झिजणारा भाग घरी घडवण्यात पैसे वाचत नाहीत. अडॅप्टर जोडण्यापूर्वी दोन्ही भाग १५० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत सावकाश तापवावेत, ७०१८ या कमी हायड्रोजनच्या प्रकारातले वेल्डिंग रॉड वापरावेत आणि काम संपल्यावर जोड कोरड्या राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत पुरून रात्रभर निवू द्यावा. उघड्या पाकिटातले रॉड हवेतील ओल शोषतात आणि त्या ओलीतला हायड्रोजन वेल्डमध्ये शिरून काही तासांनंतर तडा पाडतो, म्हणून ते उत्पादकाच्या सूचनेनुसार, साधारणपणे ३०० ते ३५० अंशांवर, भट्टीत भाजून गरम असतानाच वापरावे लागतात. बहुतेक दुकानांत अशी भट्टी नसते. ती असलेले दुकान शोधण्यासाठी तालुक्याच्या गावी जावे लागले तरी जावे.

मापाकडेही तेवढेच लक्ष द्यावे. बकेट ज्या पिनवर फिरते त्या पिनपासून बकेटच्या दाताचे टोक समजा ८० सेंमीवर असेल आणि रिपरचे टोक आपण १०० सेंमीवर नेले, तर सिलिंडरचा जोर तोच राहूनही टोकाशी मिळणारा जोर एक पंचमांशाने कमी होतो. लांब दात खोल शिरेल असे वाटते खरे, पण कठीण मुरमात तो शिरतच नाही. म्हणून टोक बकेटच्या टोकाच्याच अंतरावर ठेवावे.

रिपर ज्या दोन पिनांवर बसतो त्यांच्यामधील अंतर झिजलेल्या बुशांवरून (पिनभोवतीच्या नळ्यांवरून) मोजल्यास हमखास चुकते. नवे बुश बसवून पत्र्याचा साचा काढावा. पिन ज्यांतून जातात त्या कानांच्या प्लेटा जोडताना दोन्ही भोकांतून एकच सरळ शाफ्ट घालून आधी टाके मारावेत, आळीपाळीने दोन्ही बाजूंनी वेल्ड भरावा आणि भोकांचे अंतिम बोरिंग वेल्डिंगनंतरच लेथवाल्याकडून करून घ्यावे, कारण वेल्ड निवताना प्लेट ओढली जाते. हे सर्व काम रिपर यंत्रावरून उतरवूनच करावे. यंत्रावर वेल्डिंग केल्यास करंट पिन आणि सिलिंडरच्या दांड्यातून वाट काढू शकतो.

चालकाला एक गोष्ट बजावून सांगावी. दात जमिनीत असताना बूम डावी-उजवीकडे फिरवू नये. प्लेट ओढीसाठी उभी ठेवलेली असते, आडव्या ताणासाठी नव्हे. काळा पाषाण लागला तर हा रिपर बाजूला ठेवून ब्रेकर (खडक फोडणारा यांत्रिक हातोडा) मागवावा.

वेल्डिंगनंतर लगेच रंग देऊ नये. दोन दिवसांनी जोड घासून स्वच्छ करावा आणि डाय पेनिट्रंट (बारीक तडे दाखवणारे लाल द्रावण) लावून अडॅप्टरच्या कडा व कानांचे कोपरे तपासावेत. लाल रेघ उमटली, तर तो भाग पूर्ण खणून पुन्हा भरावा, वरून नुसता थर चढवू नये.