भांगाच्या दिवसांत

पाचूबंदर, वसई
जुलै

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं. आई गेल्यापासून चर्चमध्ये मिस्सेला जातेस, पण प्रार्थना काही फुटत नाही, रोझरीचे मणी नुसते बोटांतून सरकतात, असं लिहिलंयस. भेटायला येणारा जो तो 'देवाची इच्छा' म्हणून निघून जातो, त्याचा तुला राग येतो. येऊ दे. लाझरसच्या कबरीपाशी उभ्या असलेल्या प्रभूला ठाऊक होतं की घटकाभरात आपण याला मरणातून उठवणार आहोत. तरी तो रडला. लाझरसच्या बहिणी मार्था आणि मरिया यांना त्यानं कोरडा उपदेश करून गप्प केलं नाही. तेव्हा तुझ्या रडण्यात श्रद्धा कमी पडते असं कुणी सुचवलं, तर योहानाच्या शुभवर्तमानाचा 11वा अध्याय त्याच्यापुढे ठेव.

स्वतःचे शब्द सुचत नसतील तर बायबलातल्या स्तोत्रांचे घे. 88वं स्तोत्र काढ. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटाकडे कुठेतरी उजाडतात, हे उजाडत नाही. अंधारापाशी येतं आणि तिथंच थांबतं. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी ते गाळलं नाही. लिहिणारा अंधारात बसूनसुद्धा देवाशीच बोलत होता. माझ्या मते तुझ्याकडून सध्या एवढंच पुरे.

देव गप्प का झाला, हा तुझा खरा प्रश्न. तू या किनाऱ्यावर वाढलीस, म्हणून तुला समुद्रावरूनच सांगतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, तेव्हा पाणी बंधाऱ्यावर आदळतं. अष्टमीच्या आसपास मात्र भांग असतो. भरती धड चढत नाही, ओहोटी धड उतरत नाही. पाण्याची ओढ मंदावते आणि प्रवाहात रोवलेल्या डोल जाळ्याला तर ओढच लागते, म्हणून त्या दिवसांत डोलवाल्यांना मासळी कमी मिळते. पण भांग आला म्हणून आपल्याकडच्या कुणा म्हाताऱ्यानं समुद्र मेला असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. चंद्र-सूर्य तेच असतात, दोघांची ओढही तितकीच असते. फक्त ती एका रेषेत नसते, एकमेकीला आडवी जाते, त्यामुळे आपल्याला पाण्यावर दिसत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब तुझ्या आजोबांना तोंडपाठ होता. अष्टमीला पूर्ण भरती साधारण 6 वाजता. भांगातही ती चुकत नाही, थोडकी का होईना, येतेच. तुझी प्रार्थना सध्या भांगात आहे. वेळ पाळ. संध्याकाळी बाबांबरोबर बस, अख्खी रोझरी होत नसेल तर एकच दशक, दहा मण्यांपुरतं, म्हण. मन लागलं नाही तरी चालेल.

निसर्गात देव भेटतो म्हणून सूर्यास्त बघायला जा, असं मी सांगणार नाही. सूर्यास्त सुंदर असतो, पण दुःखात असलेल्या माणसाला तो कधी कधी जास्तच एकटं करतो. प्रभूनं आपल्याला रानातली फुलं आणि आकाशातली पाखरं बघायला सांगितली, पण तो काय म्हणाला ते नीट वाच. हे गवत आज आहे आणि उद्या भट्टीत पडणार, हे त्यानं त्याच बोलण्यात सांगितलं. चिमण्यांबद्दलही तसंच. चिमणी कधी पडत नाही असं तो म्हणाला नाही. पित्यावाचून एकही भुईवर पडत नाही, असं म्हणाला. माझा सगळा धीर या वाक्यावर उभा आहे. तुझी आई त्या रात्री हॉस्पिटलात एकटी होती, तुला आत सोडलं नाही, हे तुला सलतंय ना? ती एकटी नव्हती, पोरी.

3 जून 2020 ला निसर्ग वादळानं श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. पोफळ धरायला 5-6 वर्षं तरी जातात, माडाला बहुधा त्याहून जास्त. तरी लोकांनी मोडलेली झाडं उचलली आणि नवी रोपं लावली. आधी रडले, मग खड्डे खणले. ख्रिस्ती आशा मला याच्या जवळची वाटते. सगळं पूर्वीसारखं होईल, असं ती म्हणत नाही. पुनरुत्थित प्रभूच्या हातांवरचे खिळ्यांचे व्रणसुद्धा पुसले गेले नव्हते, शंका घेणाऱ्या थोमाला त्यानं तेच दाखवले. आईची जागा भरून निघेल, असं तुला सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस. ती तुला पुन्हा भेटेल, एवढं मात्र मी पुरत्या विश्वासानं सांगतो.

आणि दिलासा शोधायचा तर जिथं काम चाललेलं असतं तिथं जा. थंडीत सकाळी वलांड्यांपाशी, बोंबील सुकवायच्या मांडवांपाशी, उभी राहा. बायका ओल्या बोंबलाचं तोंड उघडून दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात. एक अलीकडे लोंबतो, एक पलीकडे. हात थांबत नाहीत, गप्पाही थांबत नाहीत. तुझी आई अशीच उभी असायची, डोक्याला फडकं बांधून, आणि मधूनच मोठ्यानं गाणं म्हणायची.

हे सांगण्याचं कारण योहानाचा 21वा अध्याय. शिष्य रात्रभर जाळं टाकून रिकामे परतलेत. किनाऱ्यावर प्रभू उभा आहे. मरणावर विजय मिळवून आलेला देवाचा पुत्र, आणि तो काय करतोय? निखारे पेटवलेत, त्यावर मासळी भाजतोय, भाकर तयार आहे. त्यांना न्याहारीला बोलावतो. पेत्रानं अशाच कोळशाच्या शेकोटीपाशी त्याला तीनदा नाकारलं होतं, पण प्रभू तो विषय आधी काढत नाही. आधी खाऊ घालतो. बोलणं न्याहारीनंतर. आपल्या कोळीवाड्यात वाढलेल्या माणसाला हा प्रसंग जेवढा कळतो तेवढा मोठमोठ्या पंडितांना कळत असेल का, कोण जाणे.

म्हणून तुला विचारतो, तू जेवतेस का? बाबा जेवतात का? आईच्या हातचा मसाला डब्यात उरला असेल, तर तो जपून ठेवू नकोस. कालवणात घाल. संपला की मावशीला बरोबर घेऊन नवा कर, प्रमाण तिला ठाऊक आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा, आपला सुगीचा सण, आहे, भाताची नवी कणसं आशीर्वादाला आणतील. त्या दिवशी आईच्या कबरीवरही एक लोंबी ठेवून ये.

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी 31 जुलैला उठेल. तोपर्यंत होड्या वर ओढलेल्या आहेत आणि आमच्या अंगणात जाळ्यांचा ढीग पडलाय. विणायला माणसं कमी पडतायत. तुझे बाबा तरुणपणी फार सुबक विणायचे, आता घरात बसून भिंतीकडे बघतात असं तू लिहिलंस. शनिवारी सकाळी त्यांना घेऊन ये. मी बोलावलंय असं सांग. जेवण इथंच करू.

तुझे सर