टेस्टोस्टेरॉन न घेता टॉप सर्जरी होते का? (बडोदा, वय २४, ट्रान्स मॅन म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेला पुरुष)

हो, होते, टॉप सर्जरीसाठी, म्हणजे स्तन काढून छाती सपाट करायच्या सर्जरीसाठी, आधी टेस्टोस्टेरॉनसारखे पुरुषी हार्मोन घेतलेच पाहिजेत असा नियम नाही. मी इथे बडोद्यातच समुपदेशनाचं काम करते आणि हा प्रश्न सारखा येतो. जगभरातले डॉक्टर ज्या डब्ल्यूपॅथच्या (ट्रान्स लोकांच्या आरोग्यावर काम करणारी तज्ज्ञांची जागतिक संस्था) गाइडलाइन्स बघतात त्यात हे २०१२ पासून आहे, आणि २०२२ च्या आठव्या आवृत्तीतही ज्याला हार्मोन नको असतील किंवा तब्येतीमुळे चालत नसतील त्याच्यावर सक्ती नाही. कारणही साधं आहे, टेस्टोस्टेरॉनने आवाज बदलतो, दाढी येते, पाळी थांबते, पण वाढलेली छाती काही त्याने सपाट होत नाही, मग त्याची वाट बघून उपयोग काय? ट्रान्स बायकांचं मात्र वेगळं, त्यांना छातीच्या इम्प्लांटआधी निदान सहा महिने ते वर्षभर इस्ट्रोजेन हे स्त्री हार्मोन घ्यायला सांगतात कारण छाती आपोआप किती वाढते ते आधी दिसायला हवं.

तुम्हाला लागेल ते म्हणजे १८ पूर्ण, मानसोपचारतज्ज्ञाचं जेंडर डिस्फोरियाचं (शरीर आणि स्वतःची लिंगओळख जुळत नसल्याने होणारा त्रास) पत्र आणि रक्ताच्या तपासण्या, सिगरेट असेल तर काही आठवडे आधीच बंद करा, जखम भरायला फार त्रास होतो.

फक्त एक, काही सर्जन स्वतःची अट म्हणून आधी हार्मोन घ्यायला सांगतात, तेव्हा पहिल्या भेटीतच स्पष्ट विचारा आणि हार्मोनशिवाय करणार नाही म्हणाले तर दुसरा सर्जन बघा. पण कोणाची अट पूर्ण करायची म्हणून जिमवाल्याकडून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन अजिबात घेऊ नका हो, तपासणीशिवाय घेतलं तर रक्त घट्ट होऊ शकतं.